चौथ्या सालच्या सहा गाई

आर्वी तालुक्यातल्या आमच्या शाळेत नववीला कम्प्युटरवर क्रमिका, म्हणजे ठरावीक नियमानं येणाऱ्या आकड्यांची रांग, तयार करायला शिकवायचं होतं. मी गाईंचंच उदाहरण घेतलं. हा गवळाऊ गाईंचा मुलूख, गोठा मुलांच्या रोजच्या पाहण्यातला.

नारायण पंडितांच्या १३५६ सालच्या ‘गणितकौमुदी’त हे गणित आहे. गाय दरवर्षी एक कालवड देते, ती कालवड चौथ्या वर्षापासून स्वतः व्यायला लागते. वीस वर्षांनी एकूण गाई किती? उत्तर २७४५. नियम सोपा आहे. गेल्या सालच्या गाई, अधिक तीन सालांआधी जितक्या होत्या तितक्या, कारण त्या सगळ्या यंदा विणार.

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत गणितासाठी सिम्पाय नावाची तयार कोडची लायब्ररी आहे. मागच्या पदांवरून, म्हणजे रांगेतल्या आकड्यांवरून, पुढचं पद काढायला तिच्यात ‘रिकर्सिव्हसिक’ आहे. नियम दिला, सुरुवातीची पदं दिली १, १, १, आणि क्रमांक २० चं पद मागितलं. पडद्यावर आलं १२७८.

नियम तीनदा तपासला. चूक सापडेना. तास संपत आला होता.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं तुरीच्या दाण्यांचे ढीग मांडले होते, एकेका सालाचा एकेक. “सर, चौथ्या साली माह्या सहा गाई होते. कम्प्युटर किती सांगते?”

क्रमांक ४ मागितला. तीन आले. मी तिलाच पुन्हा मोजायला सांगितलं, याचं मला अजून वाईट वाटतं. ती शांतपणे मोजू लागली. “पह्यल्या साली गाय अन् कालवड, दोन. मंग तीन, मंग चार. चौथ्या साली गाय व्याली अन् थोरली कालवडबी व्याली. सहा.”

मी सगळी पदं छापली: १, १, १, २, ३, ४, ६. तिचे सहा होते, पण क्रमांक ६ वर. लायब्ररी शून्यापासून मोजते, हे ठाऊक होतं. पण फरक दोनाचा का? मग तिच्या पहिल्या ढिगाकडे लक्ष गेलं. तिची गाय पहिल्याच साली व्याली होती. माझे १, १, १ तान्ह्या कालवडीपासून सुरू होत होते! ती मोठी होण्यातच दोन सालं जादा गेली. लायब्ररीनं मी दिलेलंच चोख मोजलं होतं.

सुरुवात १, २, ३ केली. क्रमांक २० वर २७४५ आले आणि अख्खा वर्ग उभा राहिला.

तिनं दाणे ओंजळीत गोळा केले. “अन् गोऱ्हे, सर? आमच्या गाईले तं दोन्ही होते.”

नारायण पंडितांनी सगळ्या कालवडीच धरल्यात. घंटा झाली, तरी आम्ही दोघं फळ्यापाशी नवा नियम मांडत होतो.