आमची वाटचाल : टेम्पोभर सामान ते एक पिशवी

धंदा वाढला की सामान वाढतं म्हणतात. आमचं उलटं झालं. सुरुवातीला प्रत्येक शिबिराला टेम्पो लागायचा, आता खांद्याला अडकवायची एक पिशवी पुरते.

मी आणि माझी मैत्रीण, दोघी बालवाडीत शिकवायचो. चार ते सात वर्षांच्या मुलांना रानातले प्राणी कुठे, कसे राहतात ते मैदानात खेळवून शिकवायचं, एवढ्या कल्पनेवर नोकऱ्या सोडल्या. होतं नव्हतं ते भांडवल प्लास्टिकच्या प्राण्यांत आणि कापडी चटयांत घातलं. पिवळी चटई वाळवंट, हिरवी जंगल, पांढरी बर्फ. मुलांनी प्राणी उचलून योग्य चटईवर ठेवायचा. फोटो झकास यायचे. एकदा एका आईनं हळूच बाजूला घेऊन विचारलं, "ध्रुवीय अस्वल उत्तरेचं, पेंग्विन जवळपास सगळे दक्षिण गोलार्धातले. तुमच्या चटईवर शेजारी शेजारी कसे?" एकाच पाकिटात आले म्हणून, हे काही सांगवेना.

पांढऱ्या चटईच्या दोन केल्या. पण मग लक्षात आलं, मुलं रंग जुळवतायत. प्राण्याला ती जागा का लागते, हे कुणाच्या गावीही नाही.

बर्फाचा खेळ त्या वैतागातून निघाला. प्रत्येकाला बर्फाचा एक खडा द्यायचा. हे तुझं पिल्लू, अर्धा तास जपायचं, जागा तू शोध. पहिल्याच दिवशी एकानं मायेनं मुठीत धरलं आणि पाचव्या मिनिटाला रडवेला होऊन आला, "ताई, माझ्या पिल्लाला घाम आला." कुणी झाडाच्या सावलीत ठेवलं, कुणी पालापाचोळ्यात. एका मुलीनं काही न बोलता काडीनं खड्डा उकरला, पिल्लू आत ठेवलं, वर ओली माती सारली. अर्ध्या तासानं बोराएवढा बर्फ फक्त तिच्याकडे उरला होता. वाळवंटात भर दुपारी वाळू साठ अंशांच्या वर तापते आणि फेनेक कोल्हा तेव्हा बिळात झोपलेला असतो, ही गोष्ट त्या दिवशी सांगितली तर सगळे तिच्या खड्ड्याकडे बघत होते. चटईवर हे कधी झालं नव्हतं.

'अधिवास' हा शब्द लहान मुलांना जड, म्हणून आम्ही 'प्राण्याचं घर' म्हणायचो. तेही सोडावं लागलं. घर म्हटलं की मुलांना दार-खिडकी दिसते आणि पक्ष्याचं घर म्हणजे घरटं, असं पक्कं बसतं. घरटं हा खरं तर पाळणा. पिल्लं उडून गेली की बहुतेक पक्षी तिथे राहत नाहीत. पक्ष्याला खाणं, पाणी, आडोसा आणि वावरायला जागा, चारही लागतात. आता आम्ही नुसतं विचारतो, "तू तो असतास तर आज इथे काय काय शोधलं असतंस?" कपडे वाळत घालायचा चिमटा हीच चोच. तेवढ्यानं गवत उचलून विणायचं, दुसरा हात पाठीमागे. सुगरण नराची करामत दोन मिनिटांत कळते, आणि अर्धवट विणलेलं घरटं मादीला आवडलं नाही तर ते तसंच सोडून तो दुसरं विणायला घेतो, हे ऐकून मुलं खरोखर हळहळतात.

चुकाही झाल्या. एकदा जागा आधी न बघता खेळ मांडला, वर फांदीला गांधीलमाश्यांचं पोळं. एक जण चावून घेऊन घरी गेला, शुल्क परत केलं, माफी मागितली. तेव्हापासून तासभर आधी जाऊन सगळं फिरून येतो. दगड उलटायचा तर पलीकडची कड आपल्याकडे ओढून, म्हणजे खालचा जीव आपल्या अंगावर न येता पलीकडे पळतो. आणि पाहून झालं की दगड होता तसाच परत. ओलाव्यात राहणारे ते जीव उन्हात सुकून मरतात.

दोरीचे गोल म्हणजे झाडं, दर फेरीला एक गोल कमी करायचा, हा जंगलतोडीचा खेळ आम्ही लहानांसाठी बंद केला. काही शाळांना तो 'संदेशा'साठी हवा असतो. पाच वर्षांच्या मुलाला आधी झाड आवडू दे की! दोन कामं त्यापायी गेली, जाऊ देत.

"शिकला काय? कपडे तेवढे मळले," ही पालकांची तक्रार मात्र खरी डोकेदुखी होती. एक हंगाम रंगवायचे कागद देऊन पाहिले, पण खेळाचा शेवटचा अर्धा तास त्यातच जायचा. आता शेवटी बर्फाचा खडा पालकांच्या हातात देतो आणि जागा शोधायला लावतो. पोरं मागून ओरडून चुका काढतात. तक्रार त्यानंतर फारशी येत नाही.

पिशवीत आता थर्मासभर बर्फ, चिमटे, भिंग आणि प्रथमोपचाराची डबी असते. प्लास्टिकचे प्राणी ऑफिसच्या कपाटात आहेत. अस्वलं वरच्या खणात, पेंग्विन खालच्या.