तुम्ही विचारलंत म्हणून: आप्पांच्या हातात दाभण का देते

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या माहेरवाशिणी आल्या होत्या. त्यांतल्या एकीनं ओट्यावर बसल्या बसल्या विचारलं, "सासऱ्यांना एवढा विसरायचा आजार झालाय, अन् तुम्ही त्यांना पोती शिवायला बसवता? आराम करू द्या ना म्हाताऱ्या माणसाला." हा प्रश्न मला नवा नाही. किराणा दुकानात होतो, गिरणीत दळणाच्या रांगेत होतो, लग्नाच्या पंगतीत होतो. काही जणी विचारत नाहीत, नुसत्या बघतात. सून सासऱ्याला कामाला लावते, एवढंच त्यांना दिसतं. तुम्ही तोंडावर विचारलंत ते बरं केलंत.

आप्पा अमळनेरच्या बाजार समितीत आयुष्यभर राबले. आधी हमाल, नंतर मापाडी. काम सुटलं तरी सकाळची एक चक्कर तिकडे असायचीच. चार वर्षांपूर्वी त्या चकरेवरून घरी यायचा रस्ताच त्यांना सापडेना. जळगावला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, कारण त्यांच्या कमतरतेमुळे आलेला विसर औषधानं बराचसा सुधारू शकतो. आमचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. अल्झायमर निघाला.

पहिलं वर्ष आम्ही प्रेमापोटी वाया घालवलं, हे मी आज स्पष्ट सांगते. अंघोळ मुलानं घालायची, सदऱ्याची बटणं मी लावायची, घासही भरवायचा. त्यांना वेळ लागायचा आणि आम्हाला तो बघवायचा नाही. सहा महिन्यांत आप्पा बटणाकडे हात न्यायचेच थांबले. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "त्यांना जमत नाही, की तुम्ही करू देत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येताना गाडीत मी रडले.

त्यांनी समजावलं ते असं. या आजारात मेंदूचा जो भाग नव्या गोष्टी साठवतो, तो लवकर पोखरला जातो. म्हणून सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. पण वर्षानुवर्षं हातात मुरलेल्या सवयी मेंदूत दुसरीकडे असतात आणि त्या बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. टिकतात, पण वापरल्या तर. आजारानं नेलेलं परत येत नाही. आम्ही आमच्या हातानं काढून घेतलेलं मात्र थोडंफार परत आलं.

आता सकाळी मी कपडे घालायच्या क्रमानं ठेवते. सगळ्यात वर बनियन, खाली सदरा, त्याखाली नाडीऐवजी इलॅस्टिकचा पायजमा. एका वेळी एकच गोष्ट सांगते, "आप्पा, बनियन", आणि गप्प उभी राहते. मनात दहा मोजते. बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचायलाच तेवढा वेळ लागतो. मध्ये दुसरं काही बोललं की पहिलंही जातं. बटणं लावायला आठ-दहा मिनिटं जातात, कधी एक घर चुकतं. चुकू दे. टोपी मात्र कधी चुकत नाही. आरशासमोर उभं राहून दोन्ही हातांनी टोपीचं टोक अस्सं पुढे ओढतात, की क्षणभर वाटतं यांना काही झालेलंच नाही.

मोरीत पांढऱ्या फरशीवर पांढरी बादली त्यांना दिसायची नाही. लाल आणली, तर ती स्वतःहून उचलली. संडासाचा दिवा रात्रभर चालू असतो आणि दार उघडं, म्हणजे शोधावं लागत नाही. आतली कडी काढून टाकली. "काय खाणार?" असं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर शोधताना ते घाबरे होतात. भाकरी आणि पोळी दोन्ही समोर धरते, ते बोट दाखवतात. ताटात काय घ्यायचं, हे अजून ते ठरवतात.

आता पोत्यांचं. मुलगा त्यांना करमावं म्हणून एक रिकामं पोतं अन् सुतळी देऊन बघूया म्हणाला. दाभणात सुतळी ओवून आप्पांनी पोत्याचं तोंड दुमडलं, दोन्ही टोकांना धरायला कान ठेवले आणि टाके घालत सरळ रेषेत पार गेले. माझं नाव त्यांना वर्षभर आठवलेलं नव्हतं. मग मी एक चूक केली. रात्री टाके उसवायची आणि दुसऱ्या दिवशी तेच पोतं पुढे करायची. चौथ्या दिवशी त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हाई तं शिवेल शे." म्हणजे, हे तर शिवलेलं आहे. पोतं बाजूला सारलं आणि दिवसभर हात लावला नाही. खोटं काम त्यांना कळतं. तेव्हापासून शेजारच्या काकांची खरी पोती येतात, ज्वारीची, हरभऱ्याची, कधी ढेपेची. ती आप्पांनी शिवलेलीच गाडीत चढतात. काका कान पकडून पोतं उचलतात आणि "आप्पा, पक्कं शे" म्हणतात, ते ऐकताना त्यांचा चेहरा बघा.

दाभण टोचत नाही का? टोचलं, एकदा. अंगठ्यातून रक्त आलं आणि गल्लीनं मला बोल लावले. मी दोन दिवस दाभण लपवलं. आप्पा ओट्यावर बसून नुसती बोटं चोळत राहिले. तिसऱ्या दिवशी दिलं. फक्त आता दाभण एकच असतं, मी शेजारी बसते आणि चारच्या आत काम उरकून ते कपाटात जातं. दिवस कलला की त्यांची घालमेल सुरू होते, तेव्हा हातात काही टोकदार नको.

सगळंच चालू ठेवलंय असं नाही. गॅस बंद केला, पैसे बंद केले. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत ते एकटे जायचे, खिशात फोन नंबरची चिठ्ठी असायची, टपरीवाल्याला माहीत होतं. मग एप्रिलच्या उन्हात ते बाजार समितीच्या रस्त्याला लागले आणि तासाभरानं सापडले. इथलं ऊन चव्वेचाळीसच्या घरात जातं आणि त्यांना तहान लागलेली कळत नाही. आता कोणीतरी चार पावलं मागून चालतं. पाण्याचा तांब्या तासातासाला पुढे करावा लागतो. एकदा दोनच दिवसांत ते एकदम बिघडले, बडबडायला लागले. आम्ही आजार वाढला म्हणून बसणार होतो, डॉक्टर म्हणाले लघवी तपासा. तिथे संसर्ग निघाला. औषधानं आठवड्यात पुन्हा ओट्यावर.

उद्या हे हातही विसरतील, हे मला माहीत आहे. आत्ताच गाठ मारताना थांबतात. तेव्हा मी सुतळीवर बोट ठेवते, गाठ मात्र तेच ओढतात.

एकदा दुपारी तीनला या. आप्पा तुम्हाला ओळखणार नाहीत, मलाही ओळखत नाहीत. पण शेजारी बसलात तर सुतळीचं टोक तुमच्या हातात देतील आणि म्हणतील, "धर."