टेस्टोस्टेरॉन, छाती आणि सराफ्यातले गराडू

आज इंदुरात दिवसभर एकच प्रश्न: टेस्टोस्टेरॉन सुरू केल्यावर छाती हुळहुळते, अ‍ॅनास्ट्रोझोल ही स्त्री-हार्मोन घटवणारी गोळी घेऊ का? थांबा हो! चरबीतलं एन्झाइम अ‍ॅरोमाटेज टेस्टोस्टेरॉनचं एस्ट्राडायोल, म्हणजे स्त्री-हार्मोन, करतं. २५० मिलिग्रॅम एकदम टोचून तीन आठवडे थांबलं की सुरुवातीला पातळी उसळते, अंगात पाणी साचतं. डॉक्टरांना विचारून तोच डोस आठवड्याआठवड्याला विभागून घेतला की बऱ्याचदा निभतं. एस्ट्राडायोल एलसी-एमएस या नेमक्या प्रयोगशाळा-पद्धतीनंच मोजा. साधी, अँटिबॉडीवर चालणारी इम्युनोअ‍ॅसे पुरुषांत फसवू शकते. मनानं गोळ्या घेऊन एस्ट्राडायोल फार पाडलंत तर सांधे कुरकुरतात, कामेच्छा मरते, हाडं विरळ होतात. छातीत हाताला गाठ लागली तर तडक डॉक्टरांकडे. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांवर गेला तरीही. आणि सराफ्यात, इंदूरच्या त्या खाऊगल्लीत, रोज रात्री गराडू (तळलेला कंद) नि जलेबी चालू असेल, तर चरबीचा तो कारखाना वाढतच राहणार.