ओली मेथी

बुधवार, रात्री साडेदहा

झोप येत नाहीये. कारण सांगितलं तर हसं होईल. मेथी.

बुधवारचा बाजार म्हणून गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदाकाठी, गेले होते. पायऱ्यांवर माझ्यापुढे एक म्हातारी भाजीवाली, डोक्यावर पाटी. शेवाळावरून पाय सटकला आणि दोन पायऱ्या खाली जाऊन बसली. पाटीतली मेथी पाण्यात. लागलं नाही फारसं. पण आम्ही सात-आठ जण उभे होतो, कुणी हललं नाही. मीही नाही. घाबरले असते, गुडघ्यांचा विचार आला असता, तरी चाललं असतं. मनात काहीच आलं नाही. ते सलतंय.

पाठीला दप्तर असलेला एक पोरगा उतरला पाण्यात.

घरी येऊन एच. जी. वेल्सचं ‘द टाइम मशीन’ काढलं. १८९५ चं पुस्तक. अकरावीत असताना पहिल्यांदा सावानातून, म्हणजे सार्वजनिक वाचनालयातून, आणलं होतं, आणि परत देताना जिवावर आलं होतं. त्यातला कालप्रवासी ८,०२,७०१ साली पोचतो. तिथली माणसं, इलॉय, चार फुटांची, गोड, फळं खाऊन दिवसभर फुलांत खेळणारी. त्यांच्यातली वीना नदीत बुडत असते, ओरडत असते, आणि एकही जण जागचा हलत नाही. शेवटी प्रवासीच कपडे टाकून उतरतो. इतक्या वेळा वाचलं, दर वेळी मी त्याच्याबरोबर पाण्यात! काठावर कोण उभं आहे हे बघायचं सुचलंच नाही कधी.

वेल्स जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सलेंच्या हाताखाली शिकलेला. उत्क्रांती म्हणजे नुसतं वर चढत जाणं नव्हे, हे त्याने तिथेच गिरवलं असणार. इलॉयना कशाची ददात नाही, भीती फक्त अंधाराची. गरजच उरली नाही, मग अंगातलं बळ गेलं, डोकंही गेलं. आठ लाख वर्षं कशाला लागतात म्हणा. मला बावन्न पुरली.

गेल्या वर्षी मी जिन्यात पडले तेव्हा तरी कोण... जाऊ दे.

नीलूला फोन केला. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आई, इलॉय फळांवर जगतात. तुला रविवारी सुके बोंबील लागतात. आणि चार फूट, नाजूक? आरशात बघ.” हसू आलं मेलं. मग म्हणाली, फार तर त्याच पुस्तकातले मॉरलॉक म्हण स्वतःला, जमिनीखाली राबणारे तरी आहेत ते. ते रात्री वर येऊन इलॉयनाच खातात, हे ती सोयीस्कर विसरली.

प्रवासी परत येतो तेव्हा त्याच्या खिशात वीनाने ठेवलेली दोन सुकलेली पांढरी फुलं असतात. दर वेळी तिथे मला रडू येतं. आज नाही आलं.

हो, ते राहिलंच. म्हातारीने सावरून पाटी मांडली आणि पहिली हाक मलाच मारली. “ताई, घ्या की, ओली झालीय, वीसला दोन.” एरवी मी पंधरावर आणलं असतं. गुपचूप वीस दिले. तिने वर एक तिसरी जुडी पिशवीत कोंबली, का कोण जाणे.

तीन पाण्यांतून काढली, तरी हे जेवताना म्हणालेच, “आज भाजीत रेती आहे.”