कोऱ्या बरणीतला जीव

रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांच्या प्रयोगशाळांमधली उपकरणे दुरुस्त करण्याचे काम मी गेली बावीस वर्षे करतो आहे. खरे सांगायचे तर या कामाचा मोठा भाग म्हणजे जिवाला उपकरणाबाहेर ठेवणे. पावसाळाभर कपाटात राहिलेला सूक्ष्मदर्शक गणपतीनंतर बाहेर काढला, की भिंगाच्या आतल्या बाजूला बुरशीचे कोळिष्टकासारखे तंतू पसरलेले दिसतात. बोटांचा तेलकटपणा, थोडी धूळ आणि इथली दमट हवा एवढ्या शिदोरीवर ती जगते आणि काचेवरचा लेप खाऊन टाकते. त्यामुळे मंगळावर जीव शोधणाऱ्या उपकरणांविषयी वाचताना ती किती सूक्ष्म मोजमाप करतात याचे कौतुक मला वाटतेच, पण मन एकाच प्रश्नापाशी थांबते. जे सापडले ते तिथलेच आहे, आपण इथून नेलेले नाही, हे ते उपकरण कशाच्या आधारावर सांगणार?

हा प्रश्न मला नीट कळला तो नववीच्या मुलांबरोबर केलेल्या एका प्रयोगामुळे. मे महिन्यात राजापूरजवळच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, आम्ही जांभ्याची माती आणली. त्या दिवसांत सडा इतका तापलेला आणि उघडा असतो, की पहिल्या पावसानंतर काही आठवड्यांतच तो हिरवा होतो हे नवख्या माणसाला पटणार नाही. आम्ही तीन बरण्या घेतल्या. पहिलीत कच्ची माती आणि गुळाचे पाणी, दुसरीत तासभर कुकरमध्ये शिजवलेली माती आणि गुळाचे पाणी, तिसरीत नुसतेच गुळाचे पाणी. प्रत्येकीत चुन्याच्या निवळीची वाटी ठेवून झाकणे घट्ट लावली. मातीत जीव असेल तर तो गूळ खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडेल आणि निवळीवर पांढरी साय धरेल, असा हिशेब होता. पहिल्या बरणीत दुसऱ्याच दिवशी साय आली. दुसऱ्या बरणीत ती तिसऱ्या दिवशी आली आणि पाचव्या दिवशी माती नसलेल्या बरणीतही आली. तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, मग जीव मातीत होता की गुळात?"

जवळजवळ हाच प्रयोग २० जुलै १९७६ रोजी मंगळावर उतरलेल्या अमेरिकेच्या व्हायकिंग १ या यानाने आणि त्याच वर्षी ३ सप्टेंबरला उतरलेल्या व्हायकिंग २ ने केला होता. गिल्बर्ट लेव्हिन आणि पॅट्रिशिया स्ट्रॅट या शास्त्रज्ञांच्या प्रयोगात गुळाऐवजी फॉर्मेट, ग्लायसिन, लॅक्टेट अशी साधी पोषकद्रव्ये होती आणि त्यांतला कार्बन किरणोत्सारी होता. मंगळाच्या मातीवर त्या पाण्याचा थेंब पडताच किरणोत्सारी वायू बाहेर पडू लागला. तीच माती १६० अंश सेल्सिअसला तीन तास भाजून पुन्हा पाहिली, तेव्हा वायू आला नाही. प्रयोगापूर्वी ठरवलेल्या निकषांनुसार हे उत्तर 'जीव आहे' असेच होते. मात्र पोषकद्रव्याचा दुसरा थेंब टाकल्यावर वायू वाढायला हवा होता, तो उलट घटला. वाढणाऱ्या जीवाचे हे वागणे नव्हे. शेजारच्या दुसऱ्या प्रयोगात ओलावा मिळताच मातीतून ऑक्सिजन निघाला आणि तो भाजलेल्या मातीतूनही निघाला, म्हणजे ती माती रासायनिकदृष्ट्याच तिखट होती. लेव्हिन शेवटपर्यंत आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले. मला त्यांचे म्हणणे पटत नाही, तरी ते उडवून लावणाऱ्यांचीही घाई मला आवडत नाही. त्यांच्या पोषकद्रव्यांत डाव्या आणि उजव्या घडणीचे, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे, रेणू एकत्र मिसळलेले होते. ते वेगवेगळे दिले असते, तर जीव सहसा एकाच घडणीला हात घालतो आणि रसायन दोन्हींना सारखेच वागवते, या फरकावरून उत्तर बरेच स्पष्ट झाले असते.

व्हायकिंगच्या ज्या उपकरणामुळे 'जीव नाही' हे मत पक्के झाले, ते माती ५०० अंशांपर्यंत तापवून तिच्यातून निघणारे वायू तपासत असे. त्याला सेंद्रिय, म्हणजे जीव ज्यांपासून घडतो तशा कार्बनच्या रेणूंचे, जवळजवळ काहीच सापडले नाही. क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन यांचे अंश तेवढे दिसले आणि ते पृथ्वीवरच्या सफाईच्या द्रावकांचे असावेत असे मानून बाजूला ठेवले गेले. २००८ मध्ये फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हा क्लोरीन आणि ऑक्सिजनयुक्त क्षार सापडला. आपल्याकडे फटाक्यांच्या दारूत पोटॅशियम परक्लोरेट वापरतात, ते ज्वलनाला ऑक्सिजन पुरवते म्हणूनच. अशी माती तापवली, की तिच्यातले सेंद्रिय रेणू भट्टीतच जळून जातात आणि मागे क्लोरीनयुक्त अवशेष उरतात. २०१० मध्ये चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या मातीत परक्लोरेट मिसळून तापवल्यावर तेच दोन वायू मिळाले. जे शोधायला उपकरण पाठवले होते, ते बहुधा त्याच उपकरणाने जाळले, हे वाचून मी कितीतरी वेळ सुन्न बसलो होतो.

त्यानंतरच्या उपकरणांमध्ये मला सर्वांत मोलाची वाटते ती कोऱ्या नमुन्याची, म्हणजे माती न घालताही तेच मोजमाप करून पाहण्याची, शिस्त. मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीवरच्या सॅम या सुमारे ४० किलो वजनाच्या प्रयोगशाळेत रसायन भरलेल्या काही कुप्या होत्या आणि त्यांपैकी एका रसायनाची वाफ आत गळत असल्याचे सुरुवातीलाच लक्षात आले. रिकामी कुपी तापवून तिचे मोजमाप घेतलेले असल्यामुळे घरची वाफ कोणती आणि मंगळाच्या खडकातली कोणती, हे वेगळे काढता आले, आणि २०१५ मध्ये क्लोरोबेन्झीन हा सेंद्रिय रेणू मंगळाच्या खडकातलेच आहे असे खात्रीने सांगता आले. त्यानंतरच्या पर्सिव्हरन्स गाडीने नेलेल्या ४३ नळ्यांपैकी ५ नळ्या खडकासाठी नाहीतच, गाडीवरची घाण नोंदवण्यासाठी त्या साक्षीदार म्हणून नेल्या आहेत. २०२८ मध्ये पाठवण्याचे ठरलेली युरोपची रोझलिंड फ्रँकलिन गाडी दोन मीटर खोल छिद्र पाडणार आहे, कारण पृष्ठभागावरचे सेंद्रिय रेणू अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे मोडतात. तिच्यावरचे उपकरण भट्टीबरोबर लेझरचाही उपयोग करणार आहे, म्हणजे परक्लोरेटला पेटायला अवसर मिळू नये, आणि रेणूंची डावी-उजवी घडणही तपासणार आहे.

आमच्या प्रयोगातली चूक साधी होती: आम्ही माती शिजवली, पण गुळाचे पाणी, बरण्या आणि वाट्या तशाच ठेवल्या. व्हायकिंग पाठवताना मंगळावर उतरणारे सबंध यान बंद आवरणात घालून ११० अंशांहून अधिक उष्णतेत तासन् तास भाजले होते, ते याच कारणासाठी. यंदा मुलांनी सगळेच कुकरमध्ये घातले आणि तेही तीन दिवस ओळीने, कारण पहिल्या उष्णतेत तगलेले बीजाणू रात्रीत रुजतात आणि दुसऱ्या दिवशीच्या उष्णतेत मरतात. माती नसलेली बरणी या वेळी अकरा दिवस स्वच्छ राहिली. बाराव्या दिवशी निवळीवर पुसट साय आली, तेव्हा मुलांनी मला न विचारताच झाकणाची रबरी कडी काढून भिंगाखाली धरली. तिला केसाएवढी चीर होती. नव्या कड्या मी आणून दिल्या आहेत आणि तेरा जूनपासून त्या बरणीची नोंद पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू आहे.