पायाआधी बाही

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी आठवणी मागितल्या आहेत. त्या आमच्या बॅचचे बाकीचे लिहितीलच. मी आज शाळेच्या मॅटवर ज्युदो करणाऱ्या मुलामुलींसाठी एकच डाव लिहितो, देआशी बाराई. पुढे आलेलं पाऊल झाडून टाकायचं, एवढाच त्याचा अर्थ.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. तिथल्या १९२० च्या गोक्योत, म्हणजे फेकींच्या पाच गटांच्या यादीत, ४० फेकी आहेत आणि पहिल्या गटात पहिली हीच. पहिली म्हणजे सोपी, असं पोरांना वाटतं. जोर लागत नाही हे खरं, पण वेळ चुकली की समोरचा जागचा हलतही नाही.

उजवी पकड धरू. डाव्या हातात जोडीदाराची उजवी बाही, कोपराजवळ. उजव्या हातात त्याची डावी कॉलर, छातीच्या उंचीवर. उभं राहायचं सरळ. तालमीतून आलेली पोरं इथेच अडतात. सवयीनं कंबरेत वाकतात, नजर पायांवर. वाकलेल्या माणसाचा पाय कंबरेतून मोकळा सुटत नाही, आणि खाली बघितलं की समोरच्याला डाव आधीच कळतो. पट काढायची, म्हणजे पाय धरून पाडायची हौस कुस्तीच्या लाल मातीत भागवा. ज्युदोच्या सामन्यात २०१३ पासून कमरेखाली हात घालायला मनाई आहे.

आता मागे चालत राहा. तुमचा डावा पाय मागे गेला की त्याचा उजवा पुढे येतो, उजवा गेला की डावा. दोनतीन पावलांत ताल जमतो. मग त्याचं उजवं पाऊल निघालं की वजन आपल्या उजव्या पायावरच राहू द्या. मागे न्यायचा तोच डावा पाय झाडायला जातो. त्याचं पाऊल मॅटला टेकतंय, वजन यायला लागलंय पण अजून बसलेलं नाही, तेवढीच वेळ. ती डोळ्याला दिसत नाही, हाताला कळते: तो पुढे येताना बाही किंचित सैल पडते.

तळव्याचा खळगा त्याच्या घोट्याच्या बाहेरच्या अंगाला, अगदी खाली लावा. करंगळीची कड मॅटला घासत जाऊ दे. गुडघा जवळजवळ सरळ, हालचाल कंबरेतून. तो जिकडे निघाला होता तिकडेच त्याचं पाऊल पुढे न्यायचं, थोडं आपल्या उजवीकडे वळवून. त्याच वेळी हात बसचं स्टिअरिंग डावीकडे फिरवल्यासारखे: उजवा वर, डावा बाहीसकट आपल्या डाव्या कमरेकडे खाली. निम्म्या फेकी हात मेलेले असल्यामुळेच फसतात.

लवकर झाडलं तर पाऊल हलकंच असतं, तो ते उचलून घेतो आणि तुमचा पाय खालून रिकामा गेला की तोच तुम्हाला झाडतो. या उलट्या डावाला त्सुबामे गाएशी म्हणतात. उशीर झाला तर खांबाला लाथ मारल्यासारखं होतं. जोडीदाराचे घोटे काळेनिळे व्हायला लागले, तर तुमचा तळवा लागत नाही, पायाची कड लागतेय.

घरी सरावाला शहाबादी फरशी उत्तम. पायाखाली जुनं फडकं घ्या आणि प्रत्येक पायानं ३० वेळा पुसा. फडकं मागे राहिलं तर पाय उचलला गेला, असं समजा. चादरीचा तुकडा नको, आपल्या सोलापुरी चादरीचं कापड जड पडतं.

पडणाऱ्यानं हनुवटी छातीला टेकवायची आणि अंगापासून थोडा लांब, तिरका हात तळव्यानं मॅटवर आपटायचा. फेकणाऱ्यानं बाही सोडायची नाही. शेवटी ती थोडी वर ओढून धरली की डोकं वाचतं.

एप्रिल-मेच्या सत्रात घाम आणि धूळ मिळून मॅटवर चिकटा बसतो. तळवा घसरत नाही, अडतो, आणि मग गुडघा पिळतो. सरावाआधी ओल्या फडक्यानं पुसून घ्या, लगेच कोरड्यानं. पायही धुऊन या.