नववी ‘ब’चं मंजनीक

शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ज्याची नोंद कधीच झाली नाही, अशा एका उपकरणाबद्दल लिहितो. स्मरणिका समितीने शिक्षकांच्या आठवणी आणि संस्कार असा विषय सुचवला होता, पण त्यावर माझ्याहून चांगलं लिहिणारे माझ्याच तुकडीत दोघं-तिघं आहेत. मी पाण्याचे फुगे फेकणाऱ्या यंत्राबद्दल लिहितो.

साल १९९२. इतिहासाच्या तासाला अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वाऱ्या चालल्या होत्या. १३०१ साली रणथंभोरच्या वेढ्यात किल्ल्यावरून आलेल्या दगडाने खिलजीचा सरदार नुसरतखान मारला गेला, एवढं सांगून सर थांबले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण कुणीतरी विचारलं, “सर, एवढा मोठा दगड फेकला कसा?” सरांनी खडू घेतला आणि मंजनिकाचा, म्हणजे वेढ्यात दगड फेकायच्या जुन्या यंत्राचा, जो सुधारलेला प्रकार असतो तो फळ्यावर काढला. दोन तिकाट्या, त्यांवर आडवा आस, आसावर लांब दांडा. दांड्याच्या आखूड टोकाला जड पेटी टांगलेली, लांब टोकाला झोळी. पेटी खाली येते, दांडा उसळतो, त्याच्यामागून झोळी भोवंडून येते आणि दगड सुटतो. मग सर आणखी रंगात आले आणि स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या किल्ल्याची गोष्ट सांगितली. १३०४ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने तिथे असंच एक अजस्र यंत्र बांधायला घेतलं. ते पुरं होईतो किल्ला शरण यायला तयार झाला, पण राजा म्हणाला, थांबा, आधी यंत्र चालवून बघू.

त्या राजाची अडचण आम्हाला पुरती पटली. रंगपंचमीला महिनाही उरला नव्हता.

बाहेरगावी असलेल्या वाचकांसाठी सांगतो, नाशिकचा रंग धुळवडीला नसतो, पंचमीला असतो. तिवंध्याची, दिल्ली दरवाज्याची, शनी चौकातली रहाड वर्षातून एकदाच उघडते आणि रंगाच्या त्या दगडी हौदात लोक धप्पा मारतात. आम्हाला मात्र रहाडीच्या गर्दीत जायला घरून परवानगी नसे. गच्चीवरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना फुगे मारण्याबद्दल मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर तंबी दिलेली. तेव्हा फुगे फेकायचे, पण माणसांवर नाही, अशी काहीतरी सभ्य वाट हवी होती.

यंत्र बांधलं ते मखमलाबादला, माझ्या बाकावरच्या मित्राच्या परसात. त्यांची द्राक्षबाग घराला लागूनच. मांडवाच्या डागडुजीतून उरलेले लोखंडी अँगल तिकाट्यांना मिळाले. दांड्याला पाच फुटांचा कळक, म्हणजे बांबू, घेतला, जाड बूड आखूड बाजूला, निमुळता शेंडा लांब बाजूला. आस बुडापासून एक फुटावर, म्हणजे एकास चार. कळकाला भोक पाडलं तर तो तिथेच चिरतो, म्हणून सागाचा ठोकळा काथ्याने आवळून बांधला आणि आसाची नळी त्या ठोकळ्यातून घातली. माझे वडील सातपूरला फिटर. त्यांनी जुनी दोन बेअरिंगं रॉकेलमध्ये धुऊन, ग्रीस भरून दिली आणि बोटाने फिरवून म्हणाले, “बघ, हे थांबायचं नाव घेत नाही.” वजनासाठी गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा. रेतीने भरला की तो वीस किलोंच्या पुढे जातो. आम्ही काट्यावर ठेवून बरोबर वीसवर आणला. चाप म्हणून दाराची जुनी कडी, तिला लांब सुतळी.

फुगे महाग म्हणून चाचणी कांद्यांवर. नाशिक जिल्ह्यात कांद्याला तोटा नाही आणि मध्यम कांदा वजनाला भरल्या फुग्याइतकाच, दीडशे ग्रॅमच्या आसपास. पहिला कांदा सरळ वर गेला. पुढचा मागे गेला, थेट बागेत. ऐन हंगाम, घड उतरवायला आलेले. मित्राचे वडील जेवण सोडून बाहेर आले. तयार द्राक्षाला नुसता हात लागला तरी वरची लव जाते आणि व्यापारी भाव पाडतो, हे ज्याने वर्षभर त्या वेलींची उस्तवार केली त्याला आम्ही काय सांगणार! यंत्राचं तोंड आणि पाठ दोन्ही बागेपासून फिरवा, नाहीतर उचला, असा हुकूम झाला.

झोळी आम्ही जुन्या दप्तराच्या कापडाची शिवली होती आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं. ते सोडवलं मित्राच्या आजीने. आजी सिन्नरकडची, तिचं निम्मं आयुष्य बाजरीच्या राखणीत, माळ्यावर उभं राहून पाखरं हाकण्यात गेलेलं. ओट्यावर बसून ती आमचा सगळा खटाटोप बघत होती.

“पोरांनो, गोफण कधी फिरवली का?”

कुणीच फिरवली नव्हती. आजीने सुतळी मागवली आणि तळहाताएवढी जाळी विणायला घेतली. मधे सैल वीण, कडेला घट्ट. दोन बाजूंनी दोन दोऱ्या. एका दोरीच्या टोकाला बोटात अडकवायचा फासा, दुसऱ्या दोरीला नुसती गाठ. फासा बोटात राहतो, गाठ चिमटीत धरतात आणि वेळेला सोडतात. “जोर कुणीबी लावतं. गाठ कवा सोडायची तेवढंच शिकायचं असतं,” असं म्हणून तिने एक खडा ठेवून हात फिरवला. विहिरीपलीकडच्या बाभळीवरून साळुंक्यांचा थवा उडाला. मित्राच्या वडिलांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण आईला कोण बोलणार?

आता गाठ सोडायला यंत्राला चिमूट नाही. तिथे दांड्याच्या शेंड्याला एक गुळगुळीत खिळा लागतो. एक दोरी दांड्याला कायमची बांधायची, दुसरीच्या टोकाला लोखंडी कडं लावून ते खिळ्यात नुसतं अडकवायचं. झोळी फिरून पुढे आली की कडं आपोआप निसटतं. सगळा खेळ त्या खिळ्याच्या बाकाचा. खिळा दांड्याच्या रेषेत सरळ असेल तर कडं लवकर निसटतं, कांदा उंच किंवा मागे. पुढे जास्त वाकवला तर उशिरा निसटतं आणि कांदा समोरच्या मातीत आपटतो. दोरी आखूड केली तरी मारा उंच होतो, लांब केली तर खाली येतो. आम्ही पक्कड घेऊन खिळा एकेक केसभर वाकवत गेलो. संध्याकाळपर्यंत कांदे एका रेषेत पडायला लागले आणि आजी म्हणाली, “आता गोळा करून आणा, भाजीला घेते.”

फुग्यांनी मात्र निराळाच प्रश्न काढला. ते झोळीतच फुटत. दोन दिवस रंगाच्या पाण्याने आम्हीच भिजलो. शेवटी वही घेऊन विज्ञानाच्या बाईंकडे गेलो. बाईंनी अंतरावरून वेग काढला, वेगावरून आणि दोरीच्या लांबीवरून झोळीतला ताण, आणि वही आमच्याकडे फिरवली. सुटायच्या क्षणी दीडशे ग्रॅमचा फुगा झोळीला तीन-चार किलोंचा भासतो! मग सुतळीची गाठ त्याला टोचणारच. बाईंनी स्वतः उपाय सांगितला नाही, हे मला आजही आवडतं. जाळीला आतून जुन्या धोतराचं मऊ कापड लावायचं, ते ओलं ठेवायचं, फुग्यात हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि फुगा तट्ट भरायचा नाही, हे शोधायला आम्हाला तो आठवडा पुरला. बाईंना बदल्यात आलेख हवा होता, डब्याचं वजन विरुद्ध अंतर. तोही काढला. वजन वाढवलं की अंतर वाढतं, पण पुढे पुढे कळक वाकतो, तिकाट्या हलतात आणि रेषा आडवी व्हायला लागते. पाठ्यपुस्तकातल्या आलेखांना असला आळस कधी आलेला मी पाहिला नव्हता.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मागच्या मैदानात यंत्र उभं केलं. सरांनी चुन्याने वर्तुळ आखून दिलं, यंत्राच्या पुढे आणि मागेही कुणी उभं राहायचं नाही अशी ताकीद दिली आणि सुतळी मात्र स्वतःकडे मागून घेतली. कडी सुटली, डबा धाडकन खाली आला, गुलाबी फुगा आंब्याच्या फांदीवरून गेला आणि शंभर फुटांवरच्या वर्तुळाच्या कडेला फुटला. सर म्हणाले, “अजून एक लावा.” मुख्याध्यापक येईपर्यंत ते तेच म्हणत होते.

पुढे अँगल बागेत परत गेले, डब्यात मित्राच्या आईने तुळस लावली. कळकाचं काय झालं ते आठवत नाही.

आताच्या नववीतल्या कुणाला करायचं असेल तर मापं वर दिली आहेतच. सांगाड्याला चाकं लावून बघा. डबा पडताना सांगाडा पुढे सरकला तर वजन जास्त सरळ रेषेत खाली येतं आणि अंतर वाढतं. ते आमचं राहून गेलं. फुटलेल्या फुग्यांचं रबर मैदानातून वेचून घ्या, नाहीतर गाई खातात. वडिलांची ती दोन बेअरिंगं माझ्याकडे आहेत, शाळेने मागितली तर आणून देतो. गोफण विणणारी आजी मात्र तुमची तुम्ही शोधा.